फुग्याच्या तोफेचा व्हॉल्व्ह का गळतो आणि का वाजतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

दाबलेल्या हवेने पाण्याचा फुगा दूर फेकणारी तोफ घरी कशी बनवावी, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिच्यातला राग समजण्यासारखा आहे, कारण रंगपंचमी तोंडावर आली असताना यंत्र अडून बसले की ते बनवायला सांगणाऱ्यालाच बोल लागणार. आपले म्हणणे थोडक्यात असे: हवेची टाकी आणि फुग्याची नळी यांच्यामध्ये ठिबक सिंचनाचा एक इंची सोलेनॉइड (विजेने उघडणारा) व्हॉल्व्ह त्यावरच्या बाणाच्या दिशेनेच बसवला, तरी टाकीत हवा भरताना ती नळीच्या तोंडातून फुसफुसत निघून जाते, लेखात सांगितल्याप्रमाणे रबरी पडदा बदलूनही गळती तशीच आहे, बटण दाबले की व्हॉल्व्ह भोंग्यासारखा वाजतो आणि फुगा जेमतेम दहा पावलांवर पडतो, दांडा फिरवून उघडायचा साधा बॉल व्हॉल्व्ह असताना ही भानगड सुचवलीच कशाला, आणि सहा किलोचा (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सहा किलो दाब सोसणारा) पीव्हीसी पाइप शेतात वर्षानुवर्षे टिकतो, तर त्याच्या टाकीचा एवढा बाऊ का.

पडदा आधी पाहा असे लिहिले, ते त्याच्या बैठकीवर पाइप कापतानाचा कीस हमखास अडकतो म्हणून. आपण तो स्वच्छ करून, बदलूनही गळती टिकली, याचा अर्थ हवा दुसऱ्या वाटेने जात आहे. या व्हॉल्व्हच्या पडद्याला एक बारीक छिद्र असते. त्यातून टाकीतली हवा पडद्याच्या वरच्या पोकळीत शिरते, आणि वरच्या बाजूचे क्षेत्रफळ जास्त असल्यामुळे तीच हवा पडदा खाली दाबून धरते. वरच्या कॉइलला (तारेच्या गुंडाळीला) वीज मिळाली की तिच्यातला प्लंजर, म्हणजे छोटा लोखंडी दट्ट्या, उचलला जातो, वरच्या पोकळीतली हवा एका आतल्या वाटेने पुढच्या बाजूला, म्हणजे आपल्या नळीत, निसटते आणि पडदा वर जातो. प्लंजरचे टोक नीट बसत नसेल तर हीच वाट सतत किंचित उघडी राहते. नळीतून फुसफुस ऐकू येते, व्हॉल्व्हच्या अंगाला साबणाचे पाणी लावले तरी बाहेर एक बुडबुडा दिसत नाही, आणि पडदा कितीही नवा टाकला तरी फरक पडत नाही.

म्हणून प्रथम कॉइल हाताने पूर्ण आवळून पाहावी. पुष्कळ व्हॉल्व्हमध्ये हाताने उघडण्याची सोय म्हणून ती पाव आटा सैल करण्याजोगी असते आणि तशीच राहून जाते. त्यानंतर कॉइल काढून प्लंजर उजेडात धरावा. त्याच्या टोकाला करंगळीच्या नखाहून लहान अशी रबरी टिकली असते. तिच्यावर फिकट वर्तुळाकार वळ असणे ठीक, पण त्या वळाला चीर असेल किंवा त्यात वाळूचा कण रुतलेला असेल तर चोर सापडला. आपण हवा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने भरत असाल तर आणखी एक शक्यता आहे: टाकीतला दाब इतक्या झपाट्याने वाढतो की बारीक छिद्रातून हवा वर पोचण्याआधीच पडदा उचलला जातो. सायकलच्या पंपाने सावकाश भरल्यावर गळती थांबली, तर व्हॉल्व्ह निर्दोष समजावा.

भोंग्याचे कारण वेगळे आहे. पाण्यासाठी घडवलेली ती आतली वाट मुद्दाम अरुंद ठेवलेली असते, म्हणजे शेतातला प्रवाह हळूहळू सुरू होतो. हवेच्या बाबतीत वरची पोकळी पुरेशी रिकामी होत नाही, छिद्रातून नवी हवा येतच राहते, पडदा अर्धवट उचलून पुन्हा आपटतो आणि हे इतक्या वेगाने घडते की कानाला एकच स्वर ऐकू येतो. टाकीतली हवा त्या थरथरीत खर्च होते, फुग्याला उरलेसुरले मिळते. उपाय असा की व्हॉल्व्हच्या झाकणाला पाव इंची आटे पाडून तिथे गॅरेजमध्ये हवेचा झोत मारायला असते तशी ब्लो गन बसवावी, म्हणजे तिचा खटका दाबताच वरची हवा थेट बाहेर जाते आणि पडदा एका झटक्यात उघडतो. मात्र जुनी आतली वाट एम-सीलने बुजवून ती दिवसभर सुकू द्यावी, नाहीतर गळती कायम राहील. कॉइल आणि बॅटरी मग लागतच नाहीत. भरणे लवकर व्हावे म्हणून पडद्याचे छिद्र मोठे करण्याचा मोह मात्र टाळावा. भोंगा परत येईल.

बॉल व्हॉल्व्हने काम चालते, हे मान्य. पण नवा बॉल व्हॉल्व्ह चांगलाच कडक असतो. तो अर्धा फिरेपर्यंत फुगा हलू लागतो, त्याला हवेचा पूर्ण झटका मिळत नाही, आणि दांडा ओढताना नळी हलून नेम जातो तो वेगळाच.

पाइपाबद्दल मात्र मी तसूभरही मागे हटणार नाही. त्यावरचे सहा किलो हे पाण्यासाठी आहेत. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे दोन किलो दाबाच्या पाच लिटर पाण्यात एक जूलचा दहावा भागही ऊर्जा साठत नाही; तेवढ्याच दाबाच्या पाच लिटर हवेत ती ६०० जूलच्या वर असते. तुलनेसाठी, ताशी १०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूत सुमारे ६० जूल असतात. शेतातला पाइप तडकला तर चिखल होतो. हवेने भरलेला तडकला तर त्याच्या धारदार ठिकऱ्या उडतात. अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार सुरक्षा संस्थेने १९८८ मध्येच दाबाखालच्या हवेसाठी उघड्यावर पीव्हीसी वापरण्याविरुद्ध इशारा दिला होता. उन्हात पडून जुना झालेला पाइप तर आणखी ठिसूळ असतो. टाकी लोखंडी, सेफ्टी व्हॉल्व्ह असलेली घ्यावी, दाब दीड किलोच्या आत ठेवावा आणि फुग्यामागे स्पंजची जाड चकती सरकवावी, म्हणजे तो नळीतच फुटणार नाही. नळी कोणाच्याही तोंडाकडे रोखू नये, कारण पाण्याने भरलेला फुगा डोळा कायमचा निकामी करू शकतो.

प्लंजरची टिकली पाहून काय आढळले ते जरूर कळवावे.