पोहणारी लुना

साळ्यानं जुनी गाडी घेतली, असं बायकोनं फोन ठेवता ठेवता सांगितलं. मी रिवाजाप्रमाणे विचारलं, "किती चालली आहे?"

"चालत नाही म्हणे. पोहते."

मी आश्चर्याचा चेहरा केला. करणं भाग होतं, कारण त्या गाडीत निम्मे पैसे माझे होते, आणि ते दिवाळीआधी घराला रंग द्यायला ठेवलेले होते.

माझी सासुरवाडी भंडारा जिल्ह्यात, गोसीखुर्दच्या बॅकवॉटरच्या काठावर. १९८८ साली राजीव गांधींनी या धरणाचं भूमिपूजन केलं तेव्हा सासरे तरणे होते; ३३ दरवाज्यांमागं पाणी अडेपर्यंत त्यांचे केस पिकले. आता पाणी आहे तर त्याचं काहीतरी करावं, हा साळ्याचा विचार. नागपूरची मंडळी रविवारी येतात, पाणी बघतात, भजी खातात आणि जातात. भजी आणि जाणं यांच्या मधोमध त्यांना वॉटर स्कूटरवर एक चक्कर मारून आणायची, असा धंदा होता.

गाडी कोकणपट्टीवरून ट्रकमधून आली. वय तिशीच्या आसपास, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. विकणाऱ्यानं "ऑईल पंप काढून टाकलाय, कटकटच नाही," असं कौतुकानं सांगितलं होतं. म्हणजे पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल हातानं मिसळायचं, ५० ला १, लिटरला २० मिली. साळ्यानं ते माप सासूबाईंच्या खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं घेतलं. त्यात मात्र त्यानं काडीचीही चूक केली नाही, हे पुढच्या खटल्यात त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

पहिली दहा मिनिटं सोन्याची होती. बगळे उडाले, डोंग्यातला ढिवरबाबा जाळं हातात घेऊन उभा राहिला, आणि काठावर माझी बायको चक्क हात हलवत होती. मग मागं बसलेला साळा म्हणाला, "भाऊजी, रेस द्या ना." दिली. घ्यांऽऽ करत निघालेला आवाज मध्येच घोगरा झाला, गाडीतला दम कुणीतरी काढून घेतल्यासारखा गेला, आणि सगळं शांत. पाणी फक्त चुबुक चुबुक करत होतं.

"इकार्निया अडकली असन," साळा म्हणाला. शंका वावगी नव्हती. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येतं आणि त्या खुराकावर ही जलपर्णी माजते. शिवाय या गाडीला बाहेर पंखा नसतो. पोटाखालच्या जाळीतून ती पाणी ओढते, आतल्या इम्पेलरनं मागं फेकते आणि त्या धक्क्यानं पुढं जाते. थोडक्यात, शेतातला पंपच. शेतातला पंप जागेवर राहून पाणी पाठवतो, हा पाणी जागेवर ठेवून स्वतः निघून जातो, एवढाच फरक. जाळीत गुंतलेलं काढायला साळा एका बाजूनं वाकला, मी तोल सांभाळायला त्याच बाजूला वाकलो, आणि गाडी पालथी झाली.

पालथी झालेली गाडी कोणत्या बाजूनं सुलटी करायची, याचा बाणाचा स्टिकर मागं लावलेला असतो. उलट्या बाजूनं फिरवली तर धुराच्या नळकांड्यात साचलेलं पाणी सरळ इंजिनात उतरतं. आमच्या स्टिकरवरचा बाण कोकणच्या उन्हानं खाल्ला होता. आम्ही आमच्या सोयीनं फिरवली.

तेवढ्यात ढिवरबाबा डोंगा वल्हवत जवळ आले. थोडा वेळ आमच्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "जवाई, तुमी ज्या जागी तरंगून रायले ना, तेथं माही बांधी होती जी. लुचईचं धान व्हाये." बांधी म्हणजे भाताचं खाचर. यावर काय बोलावं हे मला आजतागायत सुचलेलं नाही.

मासे धरणाऱ्यांची एक मोटारबोट आली आणि दोर बांधून आम्हाला ओढू लागली. बोटवाला बिचारा हळूच नेत होता. पण काठावर आता अर्धं गाव जमलं होतं आणि जवायाला गोगलगाईसारखं परतणं बरं दिसेना. मीच ओरडलो, "जोरात घ्या!" बंद गाडी अशी जोरात ओढली की पोटाखालून शिरणारं पाणी गार करण्याच्या नळ्यांतून दामटून वर चढतं. इंजिन चालू असतं तर त्याच्या धुरानं ते बाहेर लोटलं असतं. बंद इंजिनात ते नळकांडं भरून मागल्या दारानं सिलिंडरमध्ये शिरतं. म्हणून जाणती माणसं ती नळी चिमट्यानं दाबून मगच ओढतात. आम्ही जाणती माणसं नव्हतो. आम्ही निम्मे निम्मे भागीदार होतो.

काठावर आल्यावर निदान सुरू झालं. घरात कुणी आजारी पडलं की भेटायला येणारा प्रत्येक जण आपल्या मावशीचा आजार त्याला चिकटवून जातो, तसंच. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "एअर घेतली तिनं, नोझल ढिले करा." तिला डिझेल इंजिनासारखे नोझल नसतात हे त्याला पटलं नाही. ओलितवाला म्हणाला, "फुटव्हॉल्व गळून रायला." वायरमन कपॅसिटरवर ठाम होता. सरपंच पांढऱ्याशुभ्र इस्तरीच्या कपड्यांत आले आणि म्हणाले, "शासनाची परवानगी होती का?" हा एकच प्रश्न असा होता की त्याचं उत्तर आम्हाला येत होतं, म्हणून आम्ही गप्प बसलो.

सेल्फ मारला तर टक् सुद्धा होईना. बॅटरीवर एकमत झालं. ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, वायरी जोडल्या, ठिणग्या उडाल्या, तरी काही नाही. असा पाऊण तास गेल्यावर एका आठ वर्षांच्या पोराने माझ्या मनगटाकडे बोट दाखवलं. "मामाजी, हे लाल दोरी कायची हाये?" ती किल्लीची दोरी होती. माणूस पाण्यात पडला की ती निसटते आणि इंजिन बंद होतं. ती खुंटीला अडकवल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. मी ती मनगटावर बांधून पाऊण तास बॅटरीवर भाषण देत होतो.

दोरी अडकवली. आता सेल्फनं एकदा 'टक्' केलं आणि थांबला. पुन्हा टक्. साळा म्हणाला, "अजून मारा."

"हात काहाड!" मागून आवाज आला.

हे मेस्त्री. बसस्टँडजवळ पिंपळाखाली त्यांचं दुकान. लुना, राजदूत, आरएक्स हंड्रेड, सगळ्या टू-स्ट्रोक पिढ्या त्यांच्या हातून गेल्या. आता त्या गाड्या संपत आल्या, त्यामुळे मेस्त्री बराच वेळ पिंपळाकडेच बघत बसतात. त्यांनी सीट उचललं, आत डोकावलं आणि त्यांचा चेहरा जुना वर्गमित्र भेटल्यासारखा झाला. "हे तं लुनाच होये जी. दोन लुना एका पाट्यावर बसवल्या."

त्यांनी दोन्ही प्लग खोलले. घाई नाही. पान्याचा एक आटा, मग बोटानं. प्लगच्या टोप्या इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवल्या, म्हणजे ठिणगी हवेत भटकून पेट्रोलच्या वाफेवर पडायला नको. मग म्हणाले, "सरपंचसाहेब, थोडे बाजूनं व्हा." सरपंच बाजूला होणाऱ्यांपैकी नाहीत. सेल्फ दाबला आणि प्लगच्या दोन भोकांतून पाणी, पेट्रोल आणि ऑईल यांची कारंजी दीड पुरुष उंच उडाली. पांढऱ्या कपड्यांवर नकाशा उमटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"पानी दबत नाई जी," मेस्त्री म्हणाले. "हवा दबते. पिस्टन वर जाऊ पायते, पानी जाऊ देत नाई. तुमी सेल्फ मारत रायले असते तं कनेक्टिंगच वाकली असती." म्हणजे तो 'टक्' बॅटरीचा अशक्तपणा नव्हता, आतल्या पाण्यावर पिस्टनचं डोकं आपटत होतं.

मला वाटलं, संपलं. पाणी निघालं, घरी चला. पण मेस्त्रींनी दोन्ही प्लग मळकट फडक्यावर शेजारी शेजारी ठेवले, फुंकले आणि चष्मा कपाळावर चढवला. "पानी नंतर शिरलं. गाडी त्याच्या पयले काहून बंद पडली, ते सांगा." हा प्रश्न दिवसभरात कुणीच विचारला नव्हता.

एक प्लग कॉफीच्या रंगाचा, निरोगी. दुसरा पांढराफटक, आणि त्याच्या टोकावर चांदीचे बारीक दाणे. मी म्हटलं, छान आहे, चमकतोय. मेस्त्रींनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "तो पिस्टन होये जी. अल्युमिनियम वितळून आलं." मग त्यांनी एका भोकावर अंगठा दाबला आणि सेल्फ मारायला लावला, फट्दिशी अंगठा उडाला. दुसऱ्या भोकावर अंगठा बसल्या जागी बसून राहिला. साळ्याचा अंगठ्यावर भरोसा नव्हता. त्यानं दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याहून गेज आणवलं. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन १३० पौंड, दुसऱ्याचं ६५. दोघांत दहा टक्के फरक चालतो. इथं निम्मा होता.

पण त्या संध्याकाळी मेस्त्रींनी आम्हाला घरी जाऊ दिलं नाही. पाणी रात्रभर आत राहिलं तर सकाळपर्यंत क्रँकच्या बेअरिंगला गंज धरतो. टॉर्चच्या उजेडात, डासांच्या साक्षीनं, आम्ही प्लगच्या भोकांतून ऑईल ओतत होतो, फिरवत होतो, पुन्हा ओतत होतो. सासूबाईंनी मुठ्याची भाजी आणि भात तिथंच पाठवला.

मूळ आजार कार्बोरेटरमध्ये निघाला. आत नखाएवढी एक गाळणी असते, तिच्यावर हिरवट चिकट साय बसली होती. "पेट्रोलात शेवाळ?" साळा म्हणाला. शेवाळ नव्हतं. पेट्रोलची नळीच आतून विरघळत होती. बाहेरून धडधाकट, आतून पाझर. गाळणी तुंबली, एका सिलिंडरला पेट्रोल कमी पडलं, आणि आमच्या गाडीत ऑईल पेट्रोलबरोबरच येत असल्यानं तेही कमी पडलं. तशात मी फुल रेस दिली. उपाशी पोटी पळवलेलं जनावर कोसळावं तसा तो पिस्टन तापून बोरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, घासला. सायलेन्सर खोलून मेस्त्रींनी धूर जायच्या खिडकीतून पिस्टन दाखवला. त्याच्या अंगावर उभे ओरखडे होते.

ब्लॉक नागपूरला गेला, बोर झाला, एक साइज मोठा पिस्टन बसला, नळ्या सगळ्या नव्या. महिना गेला. बिल द्यायच्या वेळी मेस्त्री भर अंगणात, माझ्या बायकोसमोर, स्वच्छ हिशोबाच्या माणसासारखे म्हणाले, "जवायाच्या निम्म्या हिश्शाचे येवढे." बायको काही बोलली नाही. आमच्या घराला अजून रंग नाही.

चाचणी अंगणातच घेतली. जमिनीवर गाडीला गारव्यासाठी नळाची नळी लावावी लागते, आणि तिचा क्रम पाळावा लागतो: आधी इंजिन चालू, मग पाणी; बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलटं केलं तर पाणी इंजिनात, पुन्हा पहिला अध्याय. नळावर सासरे होते. चाळीस वर्षं मोटारपंप चालवलेला माणूस, त्यांचा हात बटणाआधी कॉकवर जात होता, म्हणून मेस्त्रींनी त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं.

सेल्फ मारला. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा लागली. आत ओतलेलं ते सगळं ऑईल निळ्या धुराचा लोट होऊन निघालं. अंगण दिसेना, गोठा दिसेना, मग गल्ली दिसेना. धुरातून पोरांचा गलका ऐकू आला, दारं-खिडक्या उघडल्याचे आवाज आले. ग्रामपंचायतीची डासांची फवारणी आली, असं समजून लोक भांडी झाकून बाहेर येत होते.

धूर विरल्यावर फाटकाशी सरपंच उभे दिसले, आज खाकी शर्टात. म्हणाले, "जवाई, आमच्या वार्डात कवा आनता?"