‘मास्क घातला असता तर वाचले असते’ हे खरं नाही

कपाशीच्या हंगामात एक मेसेज हमखास फिरतो: ‘2017 मध्ये यवतमाळला फवारणी करताना जे मेले ते स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. मास्क घातला नाही, लेबल वाचलं नाही, औषध जास्त टाकलं.’ त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक माणसं विषबाधेनं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यांच्याच माथी दोष मारणं चुकीचं आहे, आणि क्रूरही.

आधी मास्कचं बघू. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही कीटकनाशक औषधं नुसती नाकातोंडातून जात नाहीत, कातडीतूनही अंगात भिनतात. पाठीवरचा पंप गळतो, सदरा कमरेपर्यंत भिजतो आणि त्याच ओल्या सदऱ्यात माणूस दिवसभर फवारत राहतो. त्या वर्षी कुठे कुठे पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. एरवी खाली धरायचं नोझल वर धरावं लागलं, तुषार थेट तोंडावर आणि डोळ्यांत. तिथे तोंडाला बांधलेला रुमाल काय करणार? भिजला की तोच विष ओठांशी धरून ठेवतो. अंगभर प्लास्टिकचा पोशाख घाला म्हणणाऱ्यांनी तो घालून विदर्भातल्या ऑक्टोबरच्या उन्हात तासभर पंप चालवून बघावा.

फवारणारा बरेचदा भूमिहीन मजूर असतो. बाटली मालक आणतो, आणि कशात काय मिसळायचं ते कृषी केंद्राच्या काउंटरवर ठरतं. मग लेबल आणि मात्रेचा जाब मजुराला कसा विचारता?

‘आम्हीही फवारतो, आम्हाला काही होत नाही’ हे वाक्य सगळ्यांत घातक. ही औषधं शरीरातलं, मज्जातंतूंना लागणारं कोलिनएस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) निकामी करतात आणि ते पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात. रोज फवारणाऱ्याचं कालचं नुकसान भरून येण्याआधीच आजचं होतं. डोकं दुखतं, गरगरतं, नजर अंधुक होते. ऊन लागलं असेल असं समजून माणूस घरी पडून राहतो आणि या विषावरचा उतारा, अॅट्रोपिन, मिळायला उशीर होतो.

संरक्षक साधनं त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी असतील, तर तशी औषधं उष्ण हवामानातल्या छोट्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी वापरणं टाळावं, असं अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिताच सांगते. आपल्याकडे मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला 2005 पासून मनाई होती; कपाशीसाठी मात्र ते 2017 मध्येही राजरोस विकलं जात होतं. निष्काळजीपणा कुणाचा, हे त्या परवानगीपासून शोधायला घ्या.