क्लीव्हलंडच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आमच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. न्यूयॉर्क, शिकागो सोडून आम्ही चौघांनी गटप्रकल्पासाठी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडसारखं ओसाड पडत चाललेलं शहर घेतलं, तेही पेटलेल्या नदीची गोष्ट आयती मिळते म्हणून, असा तुमचा आक्षेप आहे. शिवाय तिथल्या माणसांशी आम्ही बोललोच नाही, असंही तुम्ही लिहिलंय.

न्यूयॉर्कसाठी सगळ्यात जास्त भांडले ती मीच. पण आमच्या बाईंनी विचारलं, "तुमचा प्रश्न काय आहे?" आणि आम्ही चौघेही गप्प. मग प्रश्न ठरला: कारखान्यांवर वाढलेल्या शहराने नासलेली नदी निस्तरायची कशी, आणि पैसे कुणी द्यायचे? हे ठरल्यावर क्लीव्हलंडमधून वाहणारी, पाण्यावरच्या तेलकट घाणीने पेटलेली कायाहोगा नदी टाळणं शक्यच नव्हतं.

ती गोष्ट आयती मात्र नाही. २२ जून १९६९ची आग जेमतेम अर्ध्या तासात विझली. 'टाइम' साप्ताहिकाने ऑगस्टमध्ये छापलेला धगधगता फोटो १९५२च्या आगीचा होता! आम्ही तोच पहिल्या स्लाइडवर लावला होता, कळल्यावर काढला. आणि आगीमुळे शहराला जाग आली म्हणावं, तर नदीच्या सफाईसाठी १० कोटी डॉलरचे कर्जरोखे तिथल्या मतदारांनी नोव्हेंबर १९६८मध्येच मंजूर केले होते. महापौर कार्ल स्टोक्स यांनी आगीच्या दुसऱ्याच दिवशी पत्रकारांना नदीकाठी नेलं, तेव्हा त्यांच्यामागे ही मंजुरी होती. अमेरिकेच्या १९७२च्या शुद्ध जल कायद्याचं सगळं श्रेय एका आगीला देणं मला म्हणूनच पटत नाही.

ओसाड म्हणाल, तर १९५०मध्ये वस्ती ९,१४,८०८ होती, २०२०मध्ये ३,७२,६२४. रस्ते, पूल, शाळा नऊ लाखांच्या हिशेबाने बांधलेल्या, राहतात पावणेचार लाख. अभ्यास करायचा तो याचाच ना? आणि सगळंच ओस नाही हो. नदीच्या कोलिजन बेंड नावाच्या वळणावर एक लांबलचक मालवाहू जहाज इतकं सावकाश वळत होतं, की काठावरच्या हॉटेलातली माणसं घास हातात धरून बघत बसली होती.

तुमचा शेवटचा मुद्दा मात्र मान्य. १९३०च्या दशकात कर्जासाठी धोक्याच्या म्हणून नकाशावर लाल रंगवलेल्या वस्त्यांबद्दल आम्ही नकाशा बघूनच लिहिलं. तिथल्या एकाही माणसाचं म्हणणं त्यात नाही. मार्चमध्ये आम्ही दोघी पुन्हा जातोय. तोवर ते दोन परिच्छेद लेखातून काढून ठेवलेत.