पणजोबांचा म्हाळ

नमस्कार,

पणजोबांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा जरा शांतपणे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पणजोबांना मी पाहिलेलं नाही, ते पगारासाठी इंग्रजांच्या पलटणीत गेले, पहिल्या महायुद्धात तिकडे इराकात, बसऱ्याकडे मेले. त्यांना 'धारातीर्थी पडले' म्हणणं म्हणजे घरच्याच माणसाला ओवाळणं. आणि घरचं घरात का ठेवत नाही?

पगारासाठीच गेले. भाताच्या दोन कुणग्यांवर घर चालत नव्हतं. मुंबईची गिरणी नाहीतर पलटण, एवढंच काय ते हातात होतं. यात मी लपवलं काहीच नाही.

'धारातीर्थी' मात्र चुकलं. पणजोबा ११० नंबरच्या मराठा पलटणीत होते. ७ डिसेंबर १९१५ला तुर्कांनी इराकातल्या कूत गावाला वेढा घातला, तेव्हा १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी पुणे डिव्हिजनबरोबर आत अडकल्या. जवळजवळ पाच महिने. शेवटी घोडे-खेचरं कापायची वेळ आली. हिंदी शिपाई त्या मांसाला शिवेनात, तेव्हा हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारेने परवानगी मागवावी लागली. तोवर हिरड्या सुजून, हगवणीने माणसं मरतच होती. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली आणि जे उरले त्यांना वाळवंटातून रेल्वेच्या कामावर चालवत नेलं. वाटेत किती गळले! यातल्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर पणजोबा गेले, ते आमच्याकडे आलेल्या कागदावर नाही. 'मेसोपोटेमियात मयत', म्हणजे आजच्या इराकात, बस.

तुमची प्रतिक्रिया वाचून मी बाबांना फोन केला. म्हटलं, आपल्याकडे पणजोबांचा म्हाळ कधी घालतात? ते म्हणाले, सर्वपित्रीला, तिथी माहीत नाही ना. मग थांबून म्हणाले, भटजींनी चतुर्दशी सांगितली होती, लढाईत गेलेल्यांची. पण पणजी ऐकेना. शेजारच्या वाडीतला एकजण कैदेतून परत आला होता, त्याने तिला काय ते सांगितलं होतं. ती दिराला म्हणाली, "हत्यार कुठे लागलं त्यांना? उपाशी गेले ते. अमावास्येलाच घाला."

म्हणजे शंभर वर्षं घरात खरं माहीत होतं आणि मी वर एक दणदणीत शब्द चिकटवला.

आता घरचं घरात का नाही. बसऱ्याला इंग्रजांनी स्मारक बांधलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. आपल्याकडच्या अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. ही वागणूक चुकीची होती, हे अशा स्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१मध्ये अहवाल काढून मान्य केलं. पणजोबांचं नाव असलेली एकच सरकारी वस्तू घरात आली, ती म्हणजे मेलेल्यांच्या घरी पाठवायचे ती ब्राँझची चकती, सिंह आणि त्रिशूळवाली बाई असलेली. पणजी ती पाण्याच्या तांब्यावर झाकण म्हणून ठेवायची. पुढे कधीतरी ती मोडीत गेली. तेव्हा नाव कुठेतरी लिहायला हवं होतं, ते मी लिहिलं. त्यांना हुतात्मा ठरवायची मला गरज नाही. तुम्हाला तसं वाटलं, कारण शब्द माझाच तसा होता.

तो काल रात्री खोडला. त्या जागी पणजीचं वाक्य घातलंय. बाकी लेख आहे तसाच ठेवतोय.