कर अर्धा केला की गोव्यात कारखाने येतील?

'गोव्यात धंद्यावर कर जास्त, म्हणून कारखाने शेजारच्या राज्यांत पळाले. सरकारने कंपन्यांचा कर अर्धा करावा, पाच वर्षांत आमच्या मुलांना घरबसल्या नोकऱ्या मिळतील. अमेरिकेतली राज्ये हेच करतात.' अशा अर्थाचा संदेश सध्या पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या ग्रुपांवर फिरतोय. पोटतिडीक खरी आहे, हिशेब मात्र जमलेला नाही.

'कंपन्यांचा कर अर्धा करावा.' कोणी? कंपनीच्या नफ्यावरचा कर केंद्राचा. पर्वरीच्या विधानसभेला त्याला हात लावता येत नाही. गंमत अशी की तो कर उतरल्याची घोषणा झाली पणजीतच. २० सप्टेंबर २०१९ रोजी जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी आलेल्या निर्मला सीतारामन यांनी मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५. पण हा दर गोव्यातल्या वेर्ण्याला जो, तोच महाराष्ट्रातल्या कुडाळला आणि तोच कर्नाटकातल्या बेळगावला. त्यापायी कोणी सीमा ओलांडेल कशाला?

'गोव्यात कर जास्त.' १ जुलै २०१७ पासून व्हॅट, प्रवेश कर वगैरे बहुतेक जीएसटीत विरघळले आणि दर देशभर एक झाले. कुंडईच्या एखाद्या वर्कशॉपने १८ टक्क्यांचा माल पुण्याला विकला तर बिलावर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी, लागतो. पुण्याचा खरेदीदार त्याचे क्रेडिट घेतो, म्हणजे स्वतःच्या करातून तो वजा करतो, आणि शेवटी राज्याचा वाटा जातो तो माल जिथे खपतो त्या राज्याला. म्हणजे या विक्रीवर गोव्याच्या तिजोरीत काही राहत नाही, तर सूट द्यायची कशातून? दर एकट्याने बदलायची सोयही नाही. २०२३ मध्ये कॅसिनोंवर २८ टक्के जीएसटी कशावर धरायचा, यावर गोव्याने परिषदेत हरकत घेतली, तरी निर्णय व्हायचा तोच झाला. आणि पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर? महाराष्ट्रात तो वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत जातो. गोवा सरकार तसा कर घेतच नाही.

'कारखाने पळाले' हे मात्र नीट बघायला हवे, कारण इथे संदेश लिहिणाऱ्याच्या हाती एक चांगला मुद्दा होता आणि त्याने तो वापरला नाही. करसवलतीने कारखाने येतात, हे गोव्याने अनुभवलेले आहे. आयकर कायद्याच्या आठव्या परिशिष्टातल्या मागास राज्यांत गोवा होता. नव्या उद्योगाला पहिली पाच वर्षे नफ्यावर पूर्ण माफी मिळे. वेर्ण्याच्या पठारावर औषध कंपन्या दिसतात, त्यांना इकडे आणण्यात या माफीचा वाटा होता. पण माफी केंद्राची होती, ती मुदतीने संपली. २००३ मध्ये केंद्राने हिमाचल आणि उत्तराखंडला उत्पादन शुल्काची दहा वर्षांची माफी दिली, आणि औषधवाल्यांची रांग हिमाचलातल्या बद्दीला लागली. सवलतीपायी आलेला उद्योग दुसरीकडची सवलत बघून नवा प्लांट तिकडे टाकतो. वेर्ण्याचे बरेच प्लांट तरीही टिकले, ते शिकलेली माणसे, बंदर आणि विमानतळ जवळ असल्यामुळे.

आता खरोखर गेले किंवा आलेच नाही, त्याची यादी करा. केरीचा नायलॉन प्रकल्प १९९५ च्या आंदोलनानंतर तमिळनाडूला गेला. लोकांचे भांडण पाण्याशी आणि प्रदूषणाशी होते. सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, तर तेव्हा आयकर जवळजवळ शून्य होता, तरी २००७ च्या अखेरीस सरकारला सेझ गुंडाळावे लागले, कारण प्रश्न जमिनीचा होता. ३,७०२ चौरस किलोमीटरचे राज्य, त्यात अभयारण्ये, कोमुनिदादची म्हणजे गावच्या सामाईक मालकीची जमीन, किनारा. आणि हजारो घरांची रोजीरोटी एका फटक्यात गेली ती खाणी थांबल्यावर. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींची ८८ लीज रद्द केली ती नूतनीकरण बेकायदा ठरवून. ट्रकवाला, बार्जवाला, डिचोलीचा गॅरेजवाला, कोणाचेच नुकसान कराच्या दराने झाले नाही.

शेजारचे राज्य स्वस्त म्हणता, तर सकाळी सीमेवरच्या पात्रादेवीला उभे राहा. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गाकडून दुचाकींची रीघ लागलेली असते ती गोव्याच्या दिशेने, कामावर. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे, मागास भागाला जास्त सवलत देते. तरीही सिंधुदुर्गातला पोरगा टिफिन बांधून म्हापशाला येतो.

'अमेरिकेतली राज्ये हेच करतात.' कान्ससने २०१२ मध्ये लहानमोठ्या अनेक धंद्यांच्या नफ्यावरचा राज्याचा आयकर शून्य केला. तिजोरीला खड्डा पडला, नोकऱ्यांचा पूर काही आला नाही, आणि २०१७ मध्ये तिथल्या विधिमंडळाने गव्हर्नरचा नकाराधिकार मोडून तो कर परत लावला. त्यातही तिथल्या राज्यांना स्वतःचा कंपनी कर लावता येतो. आपल्याला येत नाही, म्हणून ही तुलना मुळातच लंगडी.

मग राज्याच्या हातात काय? वीज, डिझेल, मुद्रांक, परवाने. फोंडा तालुक्यातल्या एका वसाहतीत माझ्या ओळखीचा एक जण प्लास्टिकचे साचेकाम करतो. वीज अर्धा मिनिट गेली तरी मशीन थांबते. खंड लांबला तर मशीनच्या बॅरलमधले प्लास्टिक जळते, मग ते बाहेर काढून पुन्हा तापमान जमवण्यात अर्धी पाळी जाते आणि कामगार हातावर हात ठेवून बसतात. त्याने माझ्याकडे कराबद्दल कधी कुरकुर केलेली नाही. जनरेटरच्या डिझेलबद्दल मात्र तो रोज बोलतो.

आणि विजेत सूट देऊन झालेली आहे. सप्टेंबर १९९१ च्या अधिसूचनेने उद्योगांना वीजदरात २५ टक्के सवलत पाच वर्षांसाठी दिली. १९९५ मध्ये ती मागे घेतली. पुढे देणे कोणाचे किती यावर खटले, २००२ मध्ये पुढची रक्कम थांबवून दिलेली वसूल करण्याचा खास कायदा, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. एका सवलतीचे भांडण जवळजवळ वीस वर्षे. यातून गुंतवणूकदार काय शिकला असेल? गोव्यात मिळालेली सूट कागदावर किती दिवस टिकेल, हे आधी वकिलाला विचारावे.

डिझेलवरच्या व्हॅटबाबत मात्र मी संदेशवाल्याच्या बाजूचा. इंधन जीएसटीबाहेर आहे, त्यावरच्या व्हॅटचे क्रेडिट मिळत नाही, म्हणून तो सरळ मालाच्या किमतीत चढतो. पण उतरवायचा असेल तर २०१२ आठवा. मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, पेट्रोल लिटरमागे ११ रुपयांनी उतरले, सिंधुदुर्गवाले टाक्या भरायला येऊ लागले. त्याच वर्षी खाणी पहिल्यांदा थांबल्या, उत्पन्न आटले आणि व्हॅट हळूहळू परत चढला. डिझेलच्या बाबतीत हेच करायचे असेल, तर ती तूट कुठून भरणार तेही त्याच संदेशात लिहा, मग मीही पुढे पाठवीन.