मोठे हेडफोन, दमट हवा आणि एक चुकीचा सल्ला

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांकडून कान पूर्ण झाकणारे हेडफोन मागवणाऱ्यांसाठी तो सल्ला आहे. त्यात म्हटलंय: ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर, मोठा तेवढा आवाज भारी. वजन कमी तेवढा आराम. दुकानात पाच मिनिटं लावले की सगळं कळतं. नॉईज कॅन्सलिंगने, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणाऱ्या सोयीने, कानावर दाब येऊन कान बिघडतात. आणि आपल्या दमट हवेत कुशन सोलून निघतात, म्हणून महागाचे घेऊच नका. यातलं कुशन सोलण्याचं तेवढं खरं आहे. बाकीच्या गोष्टींवर विसंबून लोक कष्टाचे पैसे घालवतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

ड्रायव्हरचं आधी. सोनीच्या 2020 सालच्या डब्ल्यूएच-1000 एक्सएम4 मध्ये 40 मिलिमीटरचा ड्रायव्हर होता, 2022 च्या एक्सएम5 मध्ये तो 30 मिलिमीटरचा झाला. आकारावरच आवाज ठरत असता तर कंपनीने आपल्या सगळ्यात वरच्या मॉडेलमध्ये तो कमी केला नसता. पडदा कशाचा आहे, मागची पोकळी कशी आहे, आवाजाची जुळणी कशी केली आहे, यावर सगळं अवलंबून असतं. खोक्यावरचा 40,000 हर्ट्झचा आकडाही सोडून द्या. तरुण, निरोगी कानाला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि वयाबरोबर ती मर्यादा खालीच येते.

मेसेजचा खरा घोळ वेगळाच आहे. तो आराम एकीकडे आणि आवाज दुसरीकडे धरतो. बंद कपाच्या हेडफोनमध्ये दोन्ही गोष्टी एकाच जागी ठरतात, ती म्हणजे कुशन कानाभोवती कसं टेकतं. कुठे फट राहिली की तिथून आधी बेस, म्हणजे खालचा जड आवाज, निसटतो. चष्म्याची काडी, जाड केस, जबड्याच्या मागचा खळगा, एवढ्यानेही फरक पडतो.

मी दशावताराच्या रेकॉर्डिंगवर हेडफोन पारखते, कारण त्यात पखवाज, झांज आणि पायपेटी एकत्र वाजतात आणि लपायला जागा राहत नाही. पखवाजाच्या धुम्यावर, म्हणजे खर्जाच्या बाजूवर, कणीक लावलेली असते, त्या थापेला खोल, ओलसर घुमारा असतो. चष्मा लावून ऐकताना तो घुमारा गेला आणि नुसता ठोका उरला, तर तळहातांनी दोन्ही कप हलके दाबा. थाप लगेच भरीव झाली तर दोष ड्रायव्हरचा नाही, कुशन नीट टेकत नाही एवढंच. झांजेवर ट्रेबल, म्हणजे वरचा तीक्ष्ण आवाज, कळतो. नाद शेवटपर्यंत विरत गेला पाहिजे. प्रत्येक ठोक्याला ‘च्स’ असा चटका बसत असेल तर त्या हेडफोनने दोन अंकी नाटक ऐकणं जड जाईल. पायपेटीच्या सुरात गायकाचे शब्द बुडता कामा नयेत.

आता वजन. ॲपलचे एअरपॉड्स मॅक्स हे हेडफोन सुमारे 385 ग्रॅमचे आहेत, सेनहायझरचे एचडी 600 साधारण 260 ग्रॅमचे. तरीही नव्या एचडी 600 ची पकड अनेकांना घट्ट वाटते आणि एअरपॉड्स मॅक्सचं वजन डोक्यावरच्या जाळीमुळे पसरतं. वजन डोक्यावर एकाच जागी येतंय का, कप कानाच्या पाळीला टेकतोय का, पकड किती आहे, हे बघावं लागतं. पकड सैल असेल तर मान वळवताच कुशन सरकतं आणि बेसही गेलाच.

पाच मिनिटांत यातलं काहीच कळत नाही. दुकानात एसी असतो. टाळू दुखायला किंवा चष्म्याची काडी रुतायला अर्धा तास तरी लागतो, आणि कुशनखाली घामाचा चिकटा यायला आपली मे महिन्यातली दुपार लागते. शिवाय जो हेडफोन थोडा मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. कमी आवाजात आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी 1933 मध्येच दाखवलं. म्हणून दोन हेडफोन ताडताना आधी आवाज सारखा करून घ्या आणि तेच गाणं दोन्हींवर लावा.

नॉईज कॅन्सलिंगबद्दलची भीती उलटी आहे. सुरू केल्यावर दडपल्यासारखं वाटतं हे खरं, काहींना ते सहनही होत नाही, त्यांनी ते बंद ठेवावं. पण कानात हवेचा दाब वाढत नाही. बाहेरची एकसुरी घरघर उलट्या लहरीने दबते, एवढंच घडतं. दाभोळच्या फेरीबोटीचं इंजिन किंवा कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर बोगद्यातला गाडीचा गडगडाट त्याने चांगलाच कमी होतो. पत्र्यावरच्या पावसाचा तडतडाट किंवा घरातली हाक मात्र बरीचशी येतच राहते. कानाला खरा धोका आवाज वाढवण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल अशी आहे. भोवतालचा गोंगाट कमी झाला की आवाज वाढवायची गरजही कमी होते.

राहिलं कुशन. बहुतेक कुशनांचं कातडं म्हणजे पॉलियुरेथेनचा थर असतो, आणि ओलाव्याने तो रासायनिकरीत्या तुटत जातो. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते, घामाची भर वेगळी, त्यामुळे काळे पापुद्रे गालाला चिकटतात. वापरल्यावर कोरड्या फडक्याने पुसून थोडा वेळ उघड्यावर ठेवा, मग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात. ओले तसेच पाऊचमध्ये कोंबले तर बुरशी येते.

पण म्हणून स्वस्तातलेच घ्या, हे कुठून आलं? किंमत बघून ना आवाज कळतो ना टिकाऊपणा. 2017 मध्ये जेरोन ब्रीबार्ट या संशोधकाने 283 हेडफोनांची मोजमापं किमतीशी ताडून पाहिली, तेव्हा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा, म्हणजे खालचे-वरचे आवाज किती जोराने वाजतात त्याचा, किमतीशी संबंध सापडला नाही. घेण्याआधी विचारायचं ते हे की कुशन निघतात का आणि त्याच मॉडेलची जोडी सुटी मिळते का. मखमली कापडाची कुशन गार वाटतात आणि सोलतही नाहीत, पण त्यांतून हवा निसटते, बेस उतरतो. ती बसवलीत तर पखवाजाची तीच थाप पुन्हा लावून बघा.