दहा बाय सहाची शांतता

जुना चारशेसात टेम्पो घेऊन त्यात रेकॉर्डिंग स्टुडिओ थाटायचा, हे मी घरी सांगितलं तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "आणि तो लावणार कुठे?" मी तिला १९७१ सालची गोष्ट ऐकवली. डीप पर्पल या रॉक बँडची मंडळी रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या बँडचा ट्रकमधला फिरता स्टुडिओ घेऊन स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला गेली. रेकॉर्डिंगसाठी ठरलेला कॅसिनो जळून खाक झाला, पण ट्रक शाबूत होता. मग त्यांनी रिकाम्या हॉटेलच्या बोळांत गाद्या उभ्या केल्या आणि काम उरकलं. "म्हणजे गाद्यांवर भागलं," ती म्हणाली. मी तिथेच थांबायला हवं होतं.

गाडी टाकली कोल्हापूरकडच्या एका बॉडीवाल्या मिस्त्रींकडे. त्यांनी आजवर दुधाच्या, माशांच्या, आइस्क्रीमच्या गाड्या बांधलेल्या.

"ह्यात भरायचं काय?"

"आवाज."

मिस्त्रींनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. "मग एवढी पॅक कशाला? आवाज काय सांडतोय व्हय?"

सांडत नाही, बाहेरचा आत शिरतो, हे मी समजावलं. त्याला अडवायचा नियम सावकाराने लिहिला असावा. भिंतीचं वजन दुप्पट करा, तेव्हा आवाज जेमतेम सहा डेसिबलने उतरतो. आणखी सहा हवेत? पुन्हा दुप्पट. प्लाय झाला, त्यावर रबर, मग रॉकवूल म्हणजे दगडी लोकर, मग पुन्हा प्लाय. रॉकवूलने मिस्त्रींची पोरं आठवडाभर खाजवत होती आणि खाजवता खाजवता माझ्याकडे बघत होती. एका सकाळी जाऊन पाहतो तर मागचे स्प्रिंगचे पाटे सपाट. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "सायेब, अजून आवाज अडवला तर गाडी जाग्यावरनं हलायची न्हाई. मग घरपट्टी भरा."

दाराला फ्रिजचं असतं तसलं रबर लावलं आणि चाचणी घेतली. मी, मिस्त्री आणि त्यांचा एक पोरगा आत बसलो, दार ओढून घेतलं. काय ती शांतता! शेजारचा ग्राइंडर नाही, हॉर्न नाही. मिस्त्रींच्या पोटातली गुडगुड तेवढी स्पष्ट ऐकू आली. मी खुशीत होतो. पाचव्या मिनिटाला पोरगा म्हणाला, "काका, श्वास कुठनं घ्यायचा?"

हा मुद्दा माझ्या वहीत नव्हता. आवाज अडवायचा तर फट नको आणि फट नसली की हवा नाही. म्हणजे चार महिने पैसे ओतून जी भिंत बांधली, तिला भोक पाडायचं. त्या भोकातून थंड हवेच्या आधी बाहेरचा हॉर्न येणार. उपाय आहे, पण जागाखाऊ: हवा नागमोडी खोक्यातून फिरवत आणायची, खोक्याला आतून फोम. हवा वळणं घेत येते, आवाज वाटेत दमतो. खोका बसला तेव्हा माझ्या खुर्चीला जागा उरली नाही. शेवटी एक स्टूल मावलं.

त्या स्टुलाचीही एक गंमत. गाडी आतून तीन मीटर लांब आणि स्टूल बरोबर मधे. खर्जातला एक आवाज समोरच्या आणि मागच्या भिंतीत असा अडकतो, की मधे बसणाऱ्याला तो जवळपास ऐकूच येत नाही आणि दाराला टेकणाऱ्याच्या छातीत धडधडतो. म्हणजे स्टुलावर पखवाज गायब, दारापाशी पखवाजच पखवाज. तेव्हा खर्ज तपासायचा तर मी दाराला टेकतो, आवाज कमी-जास्त करायला स्टुलावर परततो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, माणूस कोंडला गेलाय.

गाडीत फेरफार केला की आरटीओची मंजुरी लागते, म्हणून तिथेही गेलो. "चालत्या गाडीत रेकॉर्डिंग करणार?" नाही म्हटलं, उभ्या. "मग गाडी कशाला?" यावर आजही माझ्याकडे उत्तर नाही.

पहिलं काम मिळालं एका गावच्या हरिनाम सप्ताहाचं. देवळापासून गाडीपर्यंत सगळ्या माइकच्या तारा एकत्र नेणारी पन्नास मीटर मल्टिकोर केबल अंथरली. तिच्यावरून पाण्याचा टँकर दोनदा गेला, जाताना आणि येताना. हेडफोन लावला तर हूंऽऽऽ! मंडपवाल्याची अर्थिंग वेगळी, माझी वेगळी आणि दोघींच्या मधे माझी केबल. पन्नास हर्ट्झची वीज तिच्यातून भजन म्हणत होती. दोन्ही अर्थिंगांची गाठ तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला तेव्हा ती गप्प झाली. मग टाळकरी उभे राहिले. आठ माइक लावले होते, आठांतूनही टाळच. बुवांच्या तोंडापुढच्या माइकमध्ये बुवा पाहुण्यासारखे अधूनमधून डोकावत होते.

मी दाराला टेकून पखवाज शोधत असताना दार बाहेरून उघडलं. एक आजी. मागे आणखी पाच-सहा, रांगेत.

"डोळं तपासायची गाडी हीच न्हवं?"

नाही म्हणेपर्यंत आजी चढून स्टुलावर बसल्या. गार वाऱ्याकडे तोंड केलं, पदर सैल केला. मी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला, म्हटलं एवढा खर्च कशापायी केला ते एका तरी माणसाला कळू दे. आजींनी डोळे मिटून अख्खा अभंग ऐकला. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"ब्येस हाय. पण ल्येका, ह्ये तर भायेर पण ऐकू येतंय की."